स्टँड कशाला, बनी हाय की!

बघताय काय एवढं? मी स्कूटर बोलतेय. मंगळवार पेठेच्या बोळात भिंतीला टेकलेली. रंग विचारू नका. पहिला पोपटी होता. त्यावर दाराचा उरलेला रंग मारलाय, त्याला नाव नाही.

एके काळी माणसं माझ्यासाठी नंबर लावून वर्षानुवर्षं बसायची. माझा पहिला मालक इचलकरंजीचा सूतव्यापारी. मिस्त्रीशिवाय मला कुणाचा हात लागू दिला नाही त्यानं. मग त्यानं मोटार घेतली आणि सत्त्याहत्तर साली मी बाळासोच्या पदरात पडले. बाळासो शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर दिवाणजी. त्याचं म्हणणं एकच, "गॅरेजात टाकायचं म्हंजे चोराच्या हातात किल्ली द्यायची. घरच्या घरी हुतंय की सगळं!"

होतही होतं, खोटं कशाला बोलू? दर रविवारी तो प्लग काढून पॉलिश पेपरनं घासायचा. सायलेन्सर चुलीत घालून आतली काजळी जाळायचा. त्या दिवशी भाकरीला ऑइलचा वास यायचा आणि त्याबद्दलच्या शिव्या त्याच्या बायकोनं, बनाबाईनं, खायच्या.

बनाबाई ब्लाऊज शिवायची. पेठेतल्या बायका तिच्याकडंच यायच्या, कारण हातानं अशी काजं घालणं दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. त्या घरात तिचं स्वतःचं म्हणून काही असेल तर ते बोटांतलं कसब.

एक दिवस माझ्या स्टँडची स्प्रिंग तुटली. शेजारची इमामबी म्हणाली, "बाळासो, नवी आण की रं."

"स्टँड कशाला? बनी हाय की!" म्हणाला आणि स्वतःच हसला.

तेव्हापासून रविवारी मला धरून उभं राहायचं काम बनाबाईचं. बाळासो चहाला आत गेला तरी ती तशीच उभी. एकदा शिरोळचं पावणं आलं, तर त्यांच्या गप्पा संपेपर्यंत माझा सगळा भार तिच्या मांडीवर. लाज मला वाटायची. मी लोखंडाची, तरी.

मग खंडेनवमी आली. पूजेला गाडी चालू पाहिजे, आणि मी तर काही केल्या सुरू होईना. बाळासोनं बाजूचं झाकण काढलं. इंजिन गार ठेवणारा, किकेसरशी गरगर फिरणारा आतला पंखा उघडा पडला. त्यानं प्लग बाहेर काढला, वायरीला लावला आणि बनाबाईच्या हातात दिला. "एका हातानं गाडी धर, दुसऱ्यानं ह्यो इंजनाला टेकीव. ठिणगी पडतीया का बघतो."

"अवो, झटका बसंल की."

"मरत न्हाईस. धर!"

त्यानं किक मारली. झटका बसला, तिचा हात उडाला तो थेट फिरत्या पंख्यात गेला.

ओरडणं ऐकून इमामबी धावत आली. पदर फाडून तिनं हात बांधला. "या अल्ला, बोट गेलं की गं! आरं बाळासो, रिक्षा आण!"

बाळासो माझ्यावर वाकला होता. "थांब जरा. पंख्याचं पातं वाकलंय का बघू दे."

पातं वाकलं नव्हतं. बनाबाईच्या उजव्या तर्जनीचं वरचं पेर मात्र गेलं. सुई धरता येईना, शिवण बंद पडली. बाळासो गल्लीभर सांगत सुटला, "हिला अक्कलच न्हाय. पंख्यात हात घालतीया!" खंडेनवमीला मला झेंडूची माळ मिळाली. तिच्या शिलाई मशीनवरही रिवाज म्हणून एक फूल पडलं.

पुढच्या रविवारी तो हत्यारं घेऊन बसला. बनाबाई बांधलेला हात घेऊन सवयीनं बाहेर आली. "धरू?"

"ऱ्हाऊ दे. तुजा काय उपेग आता?" असं म्हणून त्यानं मला भिंतीला टेकवलं, चाकाखाली वीट सारली. मी तसूभर हलले नाही. सगळं काम निवांत झालं.

बनाबाई बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "भिताडाला लावून जमत हुतं व्हय?"

"जमतंय की," तो मान वर न करता म्हणाला.

त्या दिवसापासून मी इथंच टेकून असते. बाबांनो, एखादा भंगारवाला दिसला तर पाठवा, मी सुखानं जाईन. फक्त त्याला सांगा, बनाबाई घरात नसेल तेव्हा ये. नाहीतर मला उचलून टेम्पोत चढवायलाही तिलाच हाक जाईल.