एकतिसावी खुंटी

पोलादी खुंट्या अठ्ठेचाळीस, तारेची रिळं दोन, बॅटरी एक, मीठपाण्याचे डबे चार. गोठलेल्या उत्तरेतल्या डॉसन गावाच्या वरच्या नाल्यात, शेवाळ खरवडून उघड्या केलेल्या जमिनीवर इंग्रिडने खुंट्या एका रांगेत ठोकल्या आणि वीज नीट उतरावी म्हणून प्रत्येकीच्या बुडाशी मीठपाणी ओतलं. खोल पुरलेल्या जुन्या नदीची वाळू तिला शोधायची होती. सोनं त्या वाळूत होतं.

एकतिसाव्या खुंटीपाशी पाणी ठरेना. बाकी ठिकाणी थारोळी साचली होती; इथे अख्खा डबा गटागटा खाली गेला. यंत्राच्या पडद्यावर त्याच जागी, मीटरभर खाली, लालभडक डाग उमटला. तिथे वीज शिरतच नव्हती.

"बर्फ!" खाणमालक ऑर्वल खूश झाला. "निखळ बर्फ, आणि त्याखाली आपली वाळू. डार्सी, आण गं बुलडोझर!"

"थांबा ऑर्वल. वीज हवेतूनही जात नाही. बर्फ काय नि पोकळी काय, पडद्यावर सारखंच दिसतं."

"मग तुझं यंत्र काय कामाचं, शास्त्रीणबाई?"

"पूर्वीचे लोक शेकोट्या पेटवून जमीन वितळवायचे, खालून वाळू काढायचे आणि भुयार तसंच टाकून जायचे. वरचं छत गोठलेलं म्हणून टिकलं. गेल्या उन्हाळ्यात तुम्ही शेवाळ काढलंत. आता ते छत ऊन खाऊन वितळतंय."

"ऊन खावं म्हणूनच काढतात ना? माझ्या आज्यानेही काढलं. त्याला कुणी गिळलं नाही."

बुलडोझर घरघरत आला आणि एकतिसाव्या खुंटीला खेटून थांबला. ऑर्वलची मुलगी डार्सी खिडकीतून ओरडली, "बाबा, बाईंचं प्रवचन संपलं का? मला भूक लागलीय!"

थारोळ्यांतल्या पाण्यावर बारीक तरंग उठले.

"एकदाच गिरमिट घालू द्या," इंग्रिड म्हणाली.

"घाल बाई. तुझं समाधान होऊ दे."

तिने हातगिरमिट फिरवलं. आधी ते लोण्यात जावं तसं गेलं. मग करकरलं. मग दांडा तिच्या हातांतून निसटला आणि मुठीपर्यंत खाली गेला. भोकातून थंड, कुबट वारा वर आला.

ऑर्वलच्या तोंडचं हसू मावळलं. "डार्सी," तो हळूच म्हणाला, "इंजिन बंद कर. जागची हलू नकोस."

"का? काय झालं, बाबा?"

इंग्रिडने दांडा वर ओढला आणि भोकात टेप सोडली. वितळलेला चिखल नव्वद सेंटीमीटर. गोठलेला थर वीस सेंटीमीटर. त्याखाली टेप दोन मीटर चाळीस सेंटीमीटर रिकामीच गेली.