कोरड्या कोपऱ्यातला ठोका

भट्टी पेटलेली असताना छपरावर चढू नका, असं मंगलाबाई सकाळपासून नवऱ्याला सांगत होती. पण हिरालाल बायकोचं ऐकेल तर शपथ!

सिहोऱ्यात तलावाला लागून त्यांची मुरमुऱ्यांची भट्टी. वर टिनाचं छप्पर, खाली भुशाच्या जाळावर तापलेल्या रेतीची मोठी कढई, आणि कढईमागून छपरातून वर गेलेलं लोखंडी धुराडं. ते टिनातून बाहेर पडतं नेमकं तिथंच गळत होतं. काल एक थेंब तापल्या रेतीत पडला आणि रेती अशी उडाली, की मुरमुरे भाजणाऱ्या शकुनबाईचा डोळा थोडक्यात वाचला. आज उघाड होती. पण मीठ लावलेला तांदूळही आजच भाजायला तयार होता, आणि तो ठेवून दिला तर फुलत नाही.

"जाळ बंद नाही कराचा," हिरालालने फर्मान काढलं. "धुराड्याभोवती टिनाची झालर बसवतो, वरून शिमिट मारतो. झालं काम. तू खालून ठोकत राह्य."

"अन् त्या डांबराच्या पोत्याचं काय? पानी आलं का काळं काळं उतरते तिथून."

"त्या पोत्यानंच तं इतके दिवस थांबून राहिलं!"

पोतं त्यानेच कोंबलं होतं, डांबरात बुडवून, धुराडं आणि छपराला तोलणारी लाकडी बल्ली यांच्या मधे. मंगलाबाई तेव्हाही नको म्हणाली होती. तोंडाने सांगितलेलं या माणसाच्या डोक्यात कधी शिरलंय?

आता तर ते कानातही शिरत नव्हतं. पूर्वी राईस मिलच्या खडखडत्या पट्ट्याशेजारी उभं राहून राहून हिरालालचे कान मंद झाले होते. म्हणून दोघांची एक रीत पडली होती. तो वर गेला की ती खालून बांबूने टिन ठोकायची. जिथं गळतं तिथं ठोका. तो त्याला तळपायात कळायचा, आणि हिरालाल बरोबर तिथं यायचा. ‘ये’ एवढंच त्या बांबूला म्हणता येत होतं. ‘थांब’ म्हणायची वेळ आजवर आलीच नव्हती.

हिरालाल शिमिटाचं घमेलं घेऊन शिडीने चढला आणि तलावाकडच्या उतारावर गेला. वर पावलं वाजू लागली. मंगलाबाईने बांबू उचलला आणि धुराड्याजवळ ठोका दिला. ठोका टिनाला बसला खरा, पण परतताना बांबूचं टोक बल्लीला लागलं आणि सरळ आत घुसलं.

लाकूड राहिलंच नव्हतं. काळी भुकटी भुरभुर खाली आली. बाहेरून धडधाकट दिसणारी ती बल्ली पोत्याच्या ओलीने कुजून आणि धुराड्याच्या आचेने जळून आतून कोळसा झाली होती. टिन तिच्यावर नुसतं टेकलेलं. आणि बरोबर खाली कढई.

वर पावलं इकडेच वळली. ठोका पोचला होता.

"अजी! नका येऊ! अजी, थांबा!" ती जीव खाऊन ओरडली. भट्टीच्या जाळाला वारा घालणाऱ्या पंख्याच्या घरघरीत तिला स्वतःचाच आवाज ऐकू येईना. हाका मारायला शकुनबाई बाहेर पळाली, पण त्या बाजूला भिंतीपर्यंत तलाव भरलेला, उभं राहायला जागा नाही. मंगलाबाईला काही सुचेना. तिने पुन्हा टिन बडवलं. नको! नको! नको!

पावलं आणखी घाईने येऊ लागली. बाई एवढी ठोकते म्हणजे मोठंच भोक सापडलं, असं त्याला वाटलं असणार. त्याच्या भाराने टिन दबत दबत तिच्या डोळ्यांदेखत जवळ येत होतं.

तेव्हा तिच्या लक्षात आलं, की त्याला आपणच बोलावतोय.

ती बांबू घेऊन दाराकडच्या कोपऱ्यात धावली आणि तिथं ठोकलं. त्या कोपऱ्यातली टिनं हिरालालने स्वतः बदललेली. तिथं टिपूस येत नाही, हे तो येईल त्या पाहुण्याला ऐकवायचा.

पावलं थांबली. त्याच्या कपाळावरची आठी तिला खालून, न बघताही दिसली. वाद घातल्याशिवाय हा माणूस जागचा हलल्याचं तिला आठवत नव्हतं. घमेलं टेकल्याचा आवाज आला. धुराड्याजवळचं टिन कुरकुरलं. ती तळहात सोलून निघेपर्यंत ठोकत राहिली.

"ये ना रे," ती रडत म्हणाली. जन्मात तिने नवऱ्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. "ये ना रे इकडं!"

पाऊल उचललं गेलं. मग दुसरं. सावकाश, कुरकुरत, पण दाराच्याच दिशेने. ते तिच्या डोक्यावर आलं, आणि मागे काहीतरी कडाडलं. घमेल्यासकट टिन कढईत कोसळलं. तापलेली रेती छपरापर्यंत उसळली. शकुनबाई बाहेर होती म्हणून वाचली.

हिरालाल उतरून दारात आला. त्याने छपराचं भगदाड पाहिलं, रेतीत अर्धं रुतलेलं, वाफाळणारं घमेलं पाहिलं, आणि तो उंबऱ्यावर बसला. मंगलाबाईजवळ देण्यासारख्या शिव्या पुष्कळ होत्या. त्या बाजूला ठेवून तिने जाऊन पंखा बंद केला आणि ती त्याच्या कानाशी वाकली.

"त्या कोपऱ्यात गळत नाही, तुमाले ठाऊक होतं. मंग काहून आले?"

हिरालालने तिच्या सोललेल्या हाताकडे पाहिलं.

"तू ठोकलं म्हनून," तो म्हणाला.