उष्टी नळी आणि संगमाचं तीर्थ

मित्रांनो, पाठीवर अडकवायची एक जुनी पाण्याची पिशवी, अशी माझी ओळख करून द्यायला कुणाची हरकत नसावी. पण खरं सांगू? मी नक्की कोण आहे हे माझं मलाच अजून नीटसं उमगलेलं नाही. तुम्ही कहाणी ऐका आणि जमलं तर ठरवा.

माझं अंग निळ्या कापडाचं. पोटात दोन लिटर पाणी मावेल अशी मऊ, आरपार दिसणारी पिशवी, तिला हातभर नळी, आणि नळीच्या टोकाला दातांत धरून चोखायची तोटी. ज्या खोक्यात मला भरलं त्यावर डोंगर चढणाऱ्या माणसाचं चित्र होतं. साहजिकच मला वाटलं, आपला जन्म डोंगरासाठी. कलबुर्गीच्या दुकानातून पल्लवीने मला विकत घेतलं आणि ती बसमध्ये बसली. मी वाटभर डोंगराची वाट पाहिली. डोंगर काही आला नाही, आली करजगी, पल्लवीचं गाव. चहूकडे सपाट काळं रान आणि तूरच तूर. मी तिथेच पहिल्यांदा गोंधळले.

पल्लवी कलबुर्गीला नर्सिंग शिकत होती. तिच्या वडिलांना, आप्पारावांना, मूतखड्याचा त्रास होता. डॉक्टरांनी बजावलं होतं की दिवसभर घोट घोट पाणी प्या, नाहीतर ऑपरेशन टळणार नाही. पण आप्पाराव रानात शिरले की त्यांना तहानभूक आठवायची नाही. पाण्याची बिंदगी, म्हणजे घागर, बाभळीखाली आणि हे शेताच्या पार दुसऱ्या टोकाला. संध्याकाळी बिंदगी गेली तशी भरलेली परत यायची. म्हणून त्या घरात माझी नेमणूक झाली.

पहिल्याच दिवशी शेजारच्या शेतातले चनमल्लप्पा बांधावर येऊन उभे राहिले. "अवो अण्णा, फवारणीचा पंप पाठीवर घेतलाव ते ठीक हाय, त्याची नळी तोंडात कामून घालायलाव?"

"पंप न्हाई रं," आप्पाराव ऐटीत म्हणाले, "पोरीनं सलाईन लावून दिलंय."

म्हणजे मी डोंगराची नव्हे, पंपही नव्हे, सलाईन! बरं, तसं तर तसं. पण काम मला आवडलं. नळी आप्पारावांच्या हनुवटीखाली लोंबायची, दोन तास झाले की आपसूक दातांत यायची. संध्याकाळी सत्यभामाबाई, म्हणजे पल्लवीची आई, मला विसळून तोंड उघडं ठेवून वाळत टाकायच्या. "लेकीपरीस गुणाची हाय, उलटून बोलत न्हाई," असं त्या सगळ्यांना सांगायच्या. आठ महिने आप्पारावांचं दुखणं उठलं नाही. माझ्या आयुष्यातले तेवढेच दिवस सरळ गेले.

मग दत्तजयंती आली. धन्याचं दुखणं थांबलं तर गाणगापूरला येईन, असा सत्यभामाबाईंचा नवस होता. तो फेडायला त्या निघाल्या आणि वाटेत प्यायला पाणी हवं म्हणून मला पाठीशी घेतलं. देवळापासून संगमापर्यंत त्या अनवाणी चालल्या. भीमा आणि अमरजा जिथे मिळतात तिथे स्नान झालं, आणि मग लक्षात आलं, तीर्थ न्यायची कळशी देवळाजवळ उतरलेल्या खोलीवरच राहिली. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझं झाकण घट्ट बसतं. त्यांनी मला संगमात बुडवलं, हात जोडले आणि काठोकाठ भरलं.

घरी आल्यावर पळीपळी तीर्थ सगळ्यांना मिळालं. उरलेलं माझ्या पोटात तसंच राहिलं आणि मी देवघरातल्या खुंटीवर गेले. मला कुंकू लागलं.

दुसऱ्या दिवशी आप्पाराव मला घ्यायला आले तर सत्यभामाबाई आडव्या आल्या. "हात लावू नका. तीर्थ हाय त्यात, तुमच्यासाठीच आणलंय. तुमी आपली बिंदगी न्या."

"अगं, आठ महिने चावलोय मी त्या नळीला. उष्ट्या नळीचं तीर्थ चालतंय व्हय?"

बाईंनी जाऊन लाल कापडाचा तुकडा आणला आणि माझी तोटी बांधून टाकली. आता मला सांगा, पोट पवित्र आणि तोंड उष्टं, अशा जिवाने स्वतःला काय समजावं? घरात येणारा जाणारा मला नमस्कार करायचा. माझं झाकण मात्र कुणी उघडायचं नाही. तीर्थ ओतून टाकायचं कसं आणि तीर्थाचं भांडं विसळायचं कसं, या पेचात महिना उलटला. आत बुळबुळीत थर धरू लागला, नळीत काळे ठिपके उमटले. मला घाण वाटत होती आणि बाहेर उदबत्ती लावत होते.

तुरीची काढणी आली. बिंदगी पुन्हा बाभळीखाली बसू लागली. एका दुपारी चनमल्लप्पांनी ट्रॅक्टरवर घालून आप्पारावांना घरी आणलं. ते कमरेत वाकले होते आणि घामाने निथळत होते. सत्यभामाबाई धावत देवघरात आल्या. त्यांनी मला खुंटीवरून काढलं, लाल कापड सोडलं आणि माझी तोटी नवऱ्याच्या ओठांशी नेली.

मित्रांनो, तेव्हा मला वाचा असती तर मी ओरडले असते. मला भीती वाटली, इतकी कधी वाटली नव्हती.

सुट्टीला आलेल्या पल्लवीने आईचं मनगट धरलं. "आई, थांब! आधी वास घे." तिने झाकण फिरवलं. जो भपकारा आला त्याने बाई दोन पावलं मागे सरल्या.

"तीर्थ कसं नासंल गं?" त्या भांबावून विचारत होत्या. "दत्तमहाराजांचं तीर्थ कसं नासंल?"

"तीर्थाला बोल लावू नको. पिशवी महिनाभर धुतली न्हाई आपण. आता चल, आप्पाला दवाखान्यात न्यायचंय."

कलबुर्गीच्या दवाखान्यात तीन दिवस गेले. खडा लहान होता, औषधाने पडला. पाणी न प्यायल्याबद्दल डॉक्टर आप्पारावांना रागावले, पण मान खाली घातली ती सत्यभामाबाईंनी.

परत आल्यावर त्यांनी माझ्या पोटातलं पाणी बांधावरच्या उंबराच्या बुडात ओतलं, हात जोडले आणि मला घासायला राख आणि काथ्या घेऊन बसल्या. "आई, ती तांब्याची कळशी न्हाई, फाटंल!" म्हणून पल्लवीने कोमट पाण्यात खायचा सोडा कालवला आणि अर्धा तास मला भिजत ठेवलं. सुतळीला गाठी मारून ती नळीतून ओढली, तेव्हा कुठे काळे ठिपके सुटले. तोटी दात घासायच्या ब्रशने साफ झाली. लिंबाच्या पाण्याने वास गेला. मग मला सावलीत उलटं टांगलं. वाळताना माझ्या पोटाच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात, म्हणून आत काहीतरी आडवं लागतं. पल्लवी चमचा शोधत होती. सत्यभामाबाई देवघरात गेल्या आणि तीर्थाची तांब्याची पळी घेऊन आल्या. ती त्यांनी माझ्यात घातली.

तुमच्याही घरात एखादी कामाची वस्तू मानाने खुंटीला टांगलेली असेल. तिला कुंकू लावायचं तर खुशाल लावा, पण मधून मधून झाकण उघडून वास घ्या. तिला धुवा, वाळवा, आणि तिचं काम तिला करू द्या. एवढीच माझी विनवणी आहे.

आता रोज सकाळी सत्यभामाबाई मला भरतात. आप्पाराव पाठ करून उभे राहतात. पण पट्टे खांद्यावर चढवण्याआधी बाई माझी तोटी स्वतःच्या दातांत धरतात आणि एक घोट पितात. पाणी गोड आहे ना, नळीला वास नाही ना, याची खात्री करतात. जन्मात ज्यांनी नवऱ्याला आपलं उष्टं दिलं नाही, त्या ती उष्टी नळी त्यांच्या हनुवटीखाली सोडतात आणि म्हणतात, "प्या आता."