धोंड्याचं जेवण

"थांब वं, पोट कुठी भरलं त्यायचं अजून!" यमुताईंनी लेकीचा हात बाजूला सारला, जावयाच्या ताटात पुरणाचा दुसरा धोंडा ठेवला आणि वर तुपाची धार सोडली. "अधिक महिन्यात जवायाले अर्धपोटी उठवू काय मी?"

मिनलने नवऱ्याला डोळ्यांनी बजावलं. मुकुंदने तिकडे पाहिलंच नाही. गांधीबागेच्या बाजारात कापडाच्या दुकानात दिवसभर साड्या उलगडणारा हा माणूस सासुरवाडीला आला की पंगत गाजवायचा. सक्करदऱ्याच्या या घरात त्याची तीच तर ओळख होती. गेल्या वर्षी कॅन्सरपायी त्याचं अख्खं जठर काढलं. सासूला मात्र अल्सरचं ऑपरेशन, एवढंच सांगितलं होतं. त्यांना बीपीचा त्रास, आणि मुकुंदला कोणी कीव केलेली नको होती. म्हणून त्याने दुसराही धोंडा संपवला. खोटं कशाला सांगू, मजेत संपवला.

हात धुऊन तो दिवाणावर टेकला आणि थोड्याच वेळात छाती धडधडायला लागली. घामाने शर्ट अंगाला चिकटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. मिनलने त्याला आडवं केलं.

यमुताईंच्या तोंडचं पाणी पळालं. "माह्या हातचं खाऊन असं झालं? काय पडलं वं त्याच्यात?"

"काही नाही पडलं, आई. त्यायले गोड झेपत नाही आता. कॅन्सर होता. जठरच नाही राहिलं त्यायले, खाल्लेलं थेट आतड्यात उतरते."

यमुताई जावयाच्या पोटाकडे पाहतच राहिल्या. धडधड ओसरून मुकुंदने डोळे उघडले, तेव्हा त्यांनी भीतभीत विचारलं, "मंग भूक कुठी लागते, बापू?"

"लागतच नाही, मामी. घड्याळ पाहून जेवतो."

हादरली ती मिनल. वर्षभर ती रोज विचारत होती, भूक लागली काय? आणि तो रोज हो म्हणत होता.

संध्याकाळी यमुताईंनी बशीत थोडी मऊ खिचडी आणली, त्याच्यापुढे ठेवली आणि मागे सरकून बसल्या. मुकुंदने दोन घास खाल्ले. या घरात इतक्या शांततेत तो कधी जेवला नव्हता, आणि त्याला ते सोसवेना.

"मामी, आग्रह करा ना."

"नको जी, बापू. मले भेव वाटते."

"मी घेत नाही. पण करा."

यमुताईंनी खिचडीचा चमचा उचलला आणि तो तसाच हातात धरून त्या बसून राहिल्या.