वारिदाचा गळा

मी एक जुना माईक आहे आणि मी रागावलेलो आहे. दोन्ही गोष्टी आरंभीच सांगितलेल्या बऱ्या. आमच्याविषयी लोकांचा समज असा की, जे कानी पडेल ते तारेतून पुढे धाडावे, स्वतःचे मत ठेवू नये. मित्रांनो, एकोणतीस वर्षे मी हा समज खरा करून दाखवला. आता माझी तार कशालाच जोडलेली नाही.

माझ्या छातीत सोन्याचा मुलामा दिलेला एक पडदा आहे, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. दूरच्या एका कारखान्यात एका बाईने श्वास रोखून तो ताणून बसवला. तेथून मी अम्मानला आलो. जबल अल्-लुवैबदा या टेकडीच्या चढावर, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, काचेच्या भिंतीने दुभागलेली एक खोली मला मिळाली. काचेपलीकडे रातिब बसत. आवाज टिपणे हे त्यांचे काम. नभोनाट्ये, परदेशी चित्रफितींचे अरबी संवाद, पुढे पुढे व्हिडिओ गेममधील वीरांची भाषणे, सारे माझ्यातून गेले. माझ्यापुढे श्वाससुद्धा लपत नाही, असे नट म्हणत. ही स्तुती मला आवडे.

खोलीचा नियम एकच होता: आरोळ्या शेवटी. लढाईच्या खेळात वीराला भाषणे थोडी आणि आरोळ्या शंभरावर असतात. हल्ल्याची हाक, घाव लागल्याचे कण्हणे, पडतानाची किंकाळी. त्यांनी गळा सोलून निघतो. म्हणून आधी भाषणे, मग घसा निववायला मरमिय्याच्या पाल्याचा चहा, आणि सर्वांत शेवटी आरोळ्या.

असाच एक खेळ आला. वाळवंट ओलांडणाऱ्या एका जमातीचे त्यात दोन पुढारी होते आणि खेळणाऱ्याने त्यांतला एक निवडायचा होता. जसूर हा गर्जणारा. कोसळत्या पुलावर तो प्रथम उडी घेतो; मागे राहण्याची लाज वाटून इतर त्याच्या पाठोपाठ येतात. वारिदा हळू बोलणारी. विहिरीवर ती सर्वांत शेवटी पाणी पिते आणि रोज सकाळी प्रत्येकाला नावाने हाक मारते. आपण हरवलो तर कुणाच्या तरी ध्यानात येईल, या एका भरवशावर माणसे तिच्यामागून चालतात. यांतला श्रेष्ठ कोण, हा वाद मी घालणार नाही. दोघेही जे मागतात ते आधी स्वतः देतात, म्हणून दोघेही मला मान्य आहेत.

जसूरचा आवाज यनालचा होता. घंटेसारखा गळा, मनाने सरळ. वारिदा होती सुलाफा, जिला सगळे उम्म लैथ, म्हणजे लैथची आई, म्हणत. तीस वर्षे तिच्या वाट्याला आया, चेटकिणी आणि बोलक्या कोंबड्या आल्या होत्या. पुढारीण ती प्रथमच होत होती. तिच्या गळ्यावर एकदा शस्त्रक्रिया झालेली होती आणि ओरडायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. म्हणूनच ही हळू बोलणारी तिला नेमकी हवी होती.

दिग्दर्शक मुअतसिम यांना मात्र जाहिरातीसाठी आरोळ्या तातडीने हव्या होत्या. सकाळीच, भाषणाच्या आधी, आणि वारिदाच्याही.

सुलाफाने समजावले की, ही बाई ओरडत नाही. हिचे ऐकायला माणसे जवळ येतात, तोच हिचा दरारा.

"लढाईत कोण जवळ येऊन ऐकतं, उम्म लैथ?" मुअतसिम हसले. "कुजबुजते ती पुढारीण नव्हे, स्वयंपाकीण."

"स्वयंपाकीण उठून गेली ना उस्ताद, तर तुमची अख्खी फौज दुपारपर्यंत घरी पळेल."

सगळे हसले. मुअतसिमही हसले आणि त्याच हसऱ्या तोंडाने म्हणाले, की जमत नसेल तर दुसरा आवाज बघतो. सुलाफाने काचेपलीकडे रातिबकडे पाहिले. रातिबनी खाली मान घातली आणि आवाज टिपण्याचे बटण दाबले.

तिने ओरडायला सुरुवात केली. विसाव्या आरोळीपर्यंत मुअतसिम 'अजून मोठ्याने' म्हणत होते. चाळिसाव्या आरोळीला तिचा आवाज खरखरू लागला. त्रेसष्टाव्या आरोळीत काहीतरी फाटले. ते मी पडद्यावर अनुभवले; तुम्हांला सांगण्याजोगा शब्द माझ्याजवळ नाही. तिने हाताने खूण केली, पाणी मागितले आणि घरी गेली. तिचे मुख्य भाषण तसेच राहिले.

तीन आठवड्यांनी तिने निरोप पाठवला की येते. मुअतसिमनी तोवर दुसरी नटी ठरवली होती. जसूरचा अखेरचा प्रवेश बाकी होता. यनाल आला आणि खुर्चीत बसून राहिला.

"वारिदाशिवाय जसूर शेवटच्या लढाईला जायचा नाही," तो म्हणाला.

"नाटकं करू नकोस, यनाल."

"त्याचेच तर पैसे देता मला."

त्याचे काम अर्ध्यावर सोडता येणार नव्हते, म्हणून मुअतसिम नमले. सुलाफा आली. ती माझ्यापासून चार बोटांवर उभी राहिली. आवाज म्हणून जे उरले होते ते वाळल्या पानांवरून पाऊल जावे तसे होते. भाषण छोटेच होते.

"उद्या कोण राहील ठाऊक नाही. मी नावं घेते. ज्याचं नाव येईल त्यानं नुसतं 'आहे' म्हणावं."

ती एकेक नाव घेऊ लागली. काचेपलीकडची माणसे नकळत पुढे झुकली, मुअतसिमसुद्धा. शेवटचे नाव जसूरचे होते. संहितेत उत्तर नव्हते. कोपऱ्यात उभा असलेला यनाल, ज्याच्या आवाजाने काचा थरथरत, अगदी हलक्या स्वरात म्हणाला, "आहे."

ते भाषण खेळात राहिले आणि गाजले. त्यानंतर सुलाफाला कोणतीच भूमिका करता आली नाही. आज फोनवर तिचे 'हॅलो' दुसऱ्यांदा विचारावे लागते.

आणि मग माझ्याचपुढे बसून मुअतसिमनी मुलाखत दिली. "तो आवाज तिच्यात नव्हता," ते म्हणाले. "तो मी तिच्यातून बाहेर काढला." हे वाक्य मलाच पुढे धाडावे लागले. एक अक्षरही मी अडवू शकलो नाही.

जसूरने स्वतःचा गळा खर्चला, वारिदाने आपल्या वाट्याचे पाणी खर्चले. या गृहस्थाने दुसऱ्याचा गळा खर्चला आणि त्याला नेतृत्व म्हटले. तरी त्यांच्यापेक्षा माझा राग रातिबवर अधिक आहे. ते मला रोज मऊ कुंचल्याने पुसत, दमट हवेपासून जपत. इतका हळुवार हात, आणि त्याच हाताने ते बटण दाबले.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू अखेरीस आमची निगा राखा असे म्हणतात. मी म्हणणार नाही. मला बोलता येत नव्हते, तुम्हांला येते. तुमच्या हाताखाली बटण असेल आणि समोर कुणाचा गळा पणाला लागत असेल, तर हात मागे घ्या आणि मोठ्याने सांगा, "मी हे टिपणार नाही." तेवढी एक आरोळी सर्वांत आधी घेतली तरी चालेल.