दोघींचा ठेका

सात रस्ता चौकात राहत नावाच्या बाईची मेस होती. ती इमारत पाडायची ठरली आणि दुसरी जागा काही मिळेना. कुंभारी गावाजवळच्या माळावर नवी शाळा उभी राहतेय, तिथं मुलांच्या जेवणाचं काम द्यायचंय असं कानावर आलं, तशी ती सकाळीच तिथं जाऊन धडकली.

शाळेचे व्यवस्थापक बिभीषण सर यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

"ताई, जेवण आणि साफसफाई दोन्ही बघणारी एकच पार्टी हवीय आम्हाला," ते म्हणाले. "दोन ठिकाणी बोलत बसायला माझ्याकडे माणूस नाही."

राहत खाली मान घालून बाहेर आली. तिच्यानंतर आत गेलेली उंच, सावळी बाईही लगेच परतली. दोघी फाटकापाशी रिक्षाची वाट बघत उभ्या राहिल्या.

"तुमचं बी न्हाय जमलं व्हय?" त्या बाईनं विचारलं. तिचं नाव केराबाई. कुंभारीतल्या बायका घेऊन ती मंगल कार्यालयं झाडूनपुसून द्यायची.

"नाही ना. माझ्याकडे स्वयंपाकाच्या बायका आहेत, सफाईच्या कुठून आणू?"

"माझ्याकडं निस्त्या सफाईच्याच हायती की."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. रिक्षा आली, थांबली, कुणी चढत नाही म्हणून निघूनही गेली. तोवर त्या दोघी पुन्हा बिभीषण सरांच्या दारात होत्या.

सरांनी जरा विचार केला. "पालकांचा मेळावा ठेवलाय. त्या दिवशी करून दाखवा, मग बघू."

मेळाव्याच्या सकाळीच बोअरची मोटार जळाली. टाकीत पाणी थोडंच उरलं होतं. राहतनं पुलावाचं पातेलं गॅसवर चढवलं, तोच केराबाईच्या बायका बादल्या भरायला लागल्या.

"मावशी, पाण्याला हात नका लावू. लोक उपाशी जातील."

"आन् संडासात पानी नसलं तर? लेकरं घेऊन आलेली लोकं हाईत."

"जेवण बिघडलं तर तुमच्या फरशा कोण बघणार आहे?"

केराबाईनं राहतचा हात धरला आणि तिला मुलींच्या स्वच्छतागृहात नेलं. भिंतींवर सिमेंटचे शिंतोडे वाळून बसले होते. गुरम्मा नावाची बाई गुडघ्यावर बसून पत्र्याच्या तुकड्यानं ते खरवडत होती. तिच्याशेजारी बादली कोरडी पडली होती.

राहत स्वयंपाकघरात परत आली. तिनं पातेल्याखालचा गॅस बंद केला.

"मावशी, तुमच्या गल्लीत वाळवून ठेवलेल्या कडक भाकऱ्या कुणाच्या घरात असतील?"

"कुनाच्या नसत्याल ते इचारा."

गुरम्मा आणि आणखी दोघी गावात पळाल्या. घराघरांतून भाकऱ्यांच्या टोपल्या आल्या, कुणी शेंगाची चटणी दिली, कुणी दही. भिजवून ठेवलेल्या मटकीची उसळ राहतनं थोडक्या पाण्यात उरकली. ताटं धुवायला नकोत म्हणून पत्रावळ्या मागवल्या. प्यायचं पाणी बाजूला काढून बाकीची टाकी केराबाईच्या हवाली केली.

भाकऱ्यांच्या चळती बघून बिभीषण सरांचा चेहरा उतरला. "पुलाव ठरला होता ना?"

राहत पुढे झाली. "सर, पाणी कमी होतं. फक्त जेवण माझ्याकडे असतं तर मी पुलावच केला असता. आता दोन्ही आमच्याकडे आहे."

पंगत बसली. कडक भाकरी मोडल्याचा कुरकुर आवाज हॉलभर उठला. एक बाप लेकीला उसळीत भाकरी चुरून देत होता. स्वच्छतागृहातून हात धुऊन आलेली एक आई केराबाईपाशी थांबून म्हणाली, "रोज एवढं स्वच्छ ठेवाल ना हो?"

बिभीषण सर शेवटच्या पंगतीला बसले. दुसऱ्यांदा चटणी मागून घेतली. जाताना म्हणाले, "सोमवारी दोघी या. काम तुमचं."

जूनमध्ये राहतच्या मेसचं सामान टेम्पोतून शाळेत आलं. केराबाईनं स्वयंपाकघर नुकतंच धुतलं होतं. फरशी वाळेपर्यंत तिनं कुणाला आत पाऊल टाकू दिलं नाही. राहत मोठी परात कडेवर घेऊन दाराबाहेर उन्हात उभी राहिली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिला कसली घाई नव्हती.