बारा मिनिटं पुढे

दिगंबर आगट्यांच्या दिवाणखान्यातलं घड्याळ बारा मिनिटं पुढे होतं, आणि ते पुढे आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवायची रीत सदाशिव पेठेत घरोघर आहे. वरची दोन आगट्यांनी स्वतःच्या अकलेनं घातली होती. इमारत तीन मजली, लिफ्ट नाही, आणि तीन जिने उतरायला माणसाला दोन मिनिटं लागतात हे त्यांनी मोजून पाहिलं होतं. उल्काताई स्वयंपाकघरातून "नऊ वाजले हो" म्हणाल्या की आगटे मनात आठ अठ्ठेचाळीस म्हणत आणि पेपराचं पान उलटत. घरातला प्रत्येक जण बारा वजा करूनच घड्याळ बघे, त्यामुळे ते पुढे असण्याचा उपयोग खरं तर कुणालाच नव्हता. पण पंचवीस वर्षांत या घरातलं माणूस कुठे उशिरा पोचलं नव्हतं, आणि त्याचं श्रेय घड्याळाकडे जमा होतं.

वेळ मोजणं हा आगट्यांचा पेशाच. हडपसरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं ते टाइम ऑफिसात होते. आठशे कामगार किती वाजता आत आले, किती वाजता बाहेर पडले, चहाला किती वेळ रेंगाळले, हे सगळं त्यांच्या मस्टरमध्ये. त्या मस्टरचे दोन नियम त्यांच्या रक्तात उतरले होते. पहिला, कोरा रकाना ठेवायचा नाही. हजर, गैरहजर, रजा, काहीतरी भरायचंच. दुसरा, कामगाराविरुद्ध शेरा लिहिला तर तो त्याला वाचून दाखवायचा आणि समोर त्याची सही घ्यायची. पुढे कारखाना चाकणला गेला, आगटे स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी आले. आठशे कामगार हातचे गेले आणि एक मुलगी उरली.

ती ऋचा. गेल्या वर्षी बारावीनंतर तिनं डॉक्टरकीच्या प्रवेशाची 'नीट' परीक्षा दिली. एकशेऐंशी मिनिटांत एकशेऐंशी प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक गुण वजा. मुलगी हुशार, पण प्रश्नाशी गप्पा मारत बसणारी. वेळ संपला तेव्हा तिचे चोवीस प्रश्न कोरे होते.

"चोवीस रकाने!" आगटे त्या संध्याकाळी म्हणाले होते. ते गुणांबद्दल काहीच बोलले नाहीत.

ऋचानं आणखी एक वर्ष मागितलं आणि अटही स्वतःच घातली. "या वेळी नाही झालं तर बी.एस्सी.ला नाव घालते. तिसऱ्यांदा नाही. मला कंटाळा आलाय, बाबा." आगट्यांनी अट मंजूर केली आणि कपाटातून दोनशे पानी जाड वही काढली.

क्लासमध्ये शिकवत ते वेगळं. घरी दर रविवारी दुपारी दोन ते पाच सराव परीक्षा, कारण खरी परीक्षाही रविवारी दोन ते पाचच असते. ही वेळ ज्यानं ठरवली त्याचं पेठेत कुणी नातेवाईक नसणार. इमारतीत अडीचला चिटपाखरू जागं नसे. आगट्यांनी चौतीस रविवार स्वतःची झोप सोडली, आणि ही गोष्ट ते उल्काताईंना दर रविवारी एकदा सांगत.

परीक्षेला मनगटी घड्याळ चालत नाही, म्हणून सरावालाही बंदी. मोबाइल उल्काताईंच्या पर्समध्ये. टेबल दिवाणखान्यात, समोर भिंतीवर ते घड्याळ. मध्ये बोलायचं नाही, पाणी मागायचं असलं तर हात वर करायचा. खऱ्या दोनला, म्हणजे घड्याळात दोन वाजून बारा मिनिटं झाली की आगटे स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवत.

"बाबा, घड्याळ बरोबर लावू या ना," ऋचा पहिल्याच रविवारी म्हणाली होती. "प्रत्येक वेळी बारा वजा करायचे म्हणजे तेवढी डोक्याला कटकट."

"तू फिजिक्स सोडवतेस आणि बारा वजा होत नाहीत?"

"होतात हो. पण कशाला?"

"घड्याळाला हात लावायचा नाही. शिस्त आहे ती."

"बारा मिनिटं खोटं बोलायची शिस्त," उल्काताई आतून म्हणाल्या. त्या मुलींच्या शाळेत गणित शिकवत.

वहीत रकाने पडले. पाणी, एक मिनिट दहा सेकंद. केस सोडून पुन्हा बांधणे, पन्नास सेकंद. छताकडे पाहणे, तीन वेळा मिळून दोन मिनिटं. शेवटच्या रकान्याला मथळा होता 'अखेरची बारा मिनिटं'. त्यात किती प्रश्न उरकले, किती बरोबर, किती चूक, हे परीक्षा तपासून झाल्यावर लिहिलं जाई. त्या बारा मिनिटांत आगट्यांचा पहिला नियम लागू होई. घड्याळात पाच वाजले, म्हणजे खरे चार अठ्ठेचाळीस, की वाटी पुन्हा वाजे आणि उत्तरपत्रिकेवरचे राहिलेले सगळे गोल भरायचे. येत असो नसो, कोरं काही नको. पाचला ऋचा शेरे वाचून खाली सही करी. सुरुवातीला पूर्ण सही, दिवाळीनंतर नुसतं 'ऋ'.

"आई, यांच्या कारखान्यात संप व्हायचे का गं?"

"व्हायचे. आता कळलं ना कशामुळे?"

समोरच्या फ्लॅटमधले अनंतराव एका रविवारी वाटीच्या आवाजानं जागे झाले आणि बनियनवरच दारात येऊन उभे राहिले. "आगटे, नैवेद्य दाखवताय का कुणाला?"

"परीक्षा चालू आहे."

"मग ती मुलीची घ्या. आमची कशाला?"

पण वही बोलत होती. जानेवारीत ऋचाचा पेपर पुरा होऊ लागला, मार्चमध्ये छताचा रकाना जवळजवळ रिकामा राहू लागला. आगटे खूष होते. गुण मात्र एका आकड्याला अडून बसले होते, त्याला ते 'परीक्षेचा स्वभाव' म्हणत.

मे महिन्यातल्या परीक्षेच्या रविवारी केंद्र हडपसरच्या एका शाळेत होतं. आगटे तिथे आधी दोनदा जाऊन आले होते, एकदा बसनं, एकदा रिक्षानं. ते तिघं फाटक उघडायच्या चाळीस मिनिटं आधी पोचले. ऋचा आत गेली. आगटे आणि उल्काताई समोरच्या रसवंतीच्या ताडपत्रीखाली उभे राहिले. पाचला घंटा झाली तेव्हा आगट्यांनी आपल्या मनगटाकडे पाहिलं आणि शाळेची घंटा चार सेकंद उशिरा असल्याचं पत्नीला सांगितलं.

ऋचा साडेपाचला बाहेर आली. चेहरा पांढराफटक.

"अकरा राहिले," ती म्हणाली.

"अकरा? पेपर लांब होता?"

"नाही. भिंतीवरचं घड्याळ बघितलं, चार त्रेचाळीस. मी बारा वजा केले."

उल्काताईंनी डोळे मिटले.

"सुरुवातीला बरोबर बघत होते, बाबा. शेवटी डोकं शिणलं आणि सवयीनं आपोआप... म्हणजे मला वाटलं अजून अर्धा तास आहे. निवांत एक लांबलचक गणित धरलं. तेवढ्यात बाई म्हणाल्या, शेवटची पाच मिनिटं."

"मग पाच मिनिटांत अकरा गोल भरता येत नव्हते? वाटी वाजल्यावर काय करायचं ते चौतीस वेळा—"

"तिथे वाटी नव्हती!" ऋचा इतक्या जोरात म्हणाली की रसवाल्यानं चरक थांबवला. "आणि मला तुमचा राग आला होता. मी पेन ठेवून दिलं."

आगट्यांनी रिक्षा थांबवली आणि दोघींना आत बसवून ते शेवटी बसले. मग म्हणाले, "घरचं घड्याळ वेगळं, बाहेरचं वेगळं, एवढं तर लहान मुलालाही कळतं. यात घड्याळाचा काय दोष?"

उल्काताईंनी मुलीचा हात धरला होता आणि त्या रस्त्याकडे बघत होत्या. त्या रात्री वहीत शेरा पडला, 'वेळ पाहण्यात निष्काळजीपणा'. वही दुसऱ्या दिवशी टेबलावर उघडी होती. चौथ्या दिवशीही उघडी होती. सहीची जागा तशीच कोरी.

ऋचानं बी.एस्सी.ची माहितीपत्रकं गोळा करायला सुरुवात केली. घरात बोलणं मीठ-मिरचीपुरतं उरलं.

उत्तरं जाहीर झाली तेव्हा आगटे कॅल्क्युलेटर न घेता बसले. एकशे एकोणसत्तर प्रश्न, त्यातले चूक किती, बरोबर किती. बेरीज दोनदा केली, मग तिसऱ्यांदा. सरावातला जो आकडा कधी ओलांडला नव्हता त्याच्या एक गुण पुढे मुलगी उभी होती. अकरा प्रश्न कोरे ठेवून!

त्यांनी वही ओढली आणि आयुष्यात पहिल्यांदा तो शेवटचा रकाना उभा बेरजेला घेतला. अकरा प्रश्न, दोन बरोबर, नऊ चूक. आठ मिळाले, नऊ गेले. पुढचा रविवार, तोच हिशेब. कधी अधिक तीन, कधी उणे सहा. चौतीस रविवार मिळून उणे एकेचाळीस. कारखान्यात दर महिनाअखेरीला ओव्हरटाइमची बेरीज मारल्याशिवाय ते घरी येत नसत. इथे मात्र आठ महिने नेमानं आकडे लिहिले, पण खाली रेघ काही ओढली नाही. वाटी वाजवून वाजवून ते दर रविवारी मुलीचा सरासरी एकेक गुण कापत आले होते.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. उल्काताईंना सांगायची गरज नव्हती, त्यांनी खांद्यावरून वाचलं होतं. "गणिताच्या बाईंशी लग्न केलंत," त्या म्हणाल्या, "एकदा विचारायचं तरी होतं." आणि भाजी निवडायला गेल्या.

प्रवेशाच्या तिसऱ्या फेरीत ऋचाला मराठवाड्यातल्या एका सरकारी डेंटल कॉलेजात जागा मिळाली. यादीत तिच्या खाली दोनच नावं होती. म्हणजे ते अकरा गोल भरले असते तर काय झालं असतं, हा हिशेब घरातल्या तिघांनीही स्वतंत्रपणे केला.

अनंतराव पेढा घ्यायला आले. "आगटे, अभिनंदन. क्लास कुठला हो?"

आगट्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. "त्या घड्याळामुळे झालं. बारा मिनिटं पुढे ठेवलंय म्हणून मुलीनं वाटेल ते भरत बसायचं टाळलं."

आतून ऋचाचा आवाज आला. "रिक्षात तर घड्याळाचा काही दोष नव्हता!"

"म्हणजे?" अनंतरावांनी विचारलं.

"पेढा घ्या," आगटे म्हणाले.

प्रवेशाचे कागद झाले, सामान वसतिगृहावर पोचलं. आता ऋचा एकटीच जाणार होती, वाकडेवाडीच्या स्टँडवरून सकाळी सव्वासातच्या एसटीनं. आदल्या दिवशी संध्याकाळी आगटे स्टुलावर चढले. कुणी सांगितलं नव्हतं. घड्याळ भिंतीवरून उतरवलं, फडक्यानं पुसलं, काटे मागे फिरवले आणि जेवताना जाहीर केलं, "आजपासून या घरात खरी वेळ."

ऋचानं आईकडे पाहिलं. आईनं आमटी वाढली.

सकाळी आगट्यांनीच सूत्रं हातात घेतली. दोनदा चहा झाला. उल्काताई "निघू या का?" म्हणाल्या तेव्हा आगट्यांनी घड्याळाकडे एक कटाक्ष टाकला. "अजून वेळ आहे. सहा अठराच तर झालेत." लाडूंचा डबा पिशवीतून काढून पुन्हा नीट बसवला, दाराची कडी दोनदा तपासली, तीन जिने दोन मिनिटांत उतरले, आणि रिक्षा मिळेपर्यंत सगळं ठीक होतं.

स्टँडच्या दारात त्यांनी मनगट पाहिलं. सात चौदा.

"काहीतरी चुकतंय," ते म्हणाले आणि मग त्यांना काय चुकलं ते कळलं. ते पळाले. साठीला टेकलेला माणूस, एका हातात लाडूंची पिशवी, दुसरा हात हवेत. कंडक्टरनं दार लावून घेतलं होतं, ते पुन्हा उघडलं. ऋचा मागून शांतपणे चालत आली आणि चढली. खिडकीशी बसून तिनं बाही मागे सारली. मनगटावर नवं घड्याळ होतं, आईनं दिलेलं.

आगटे खिडकीखाली उभे, श्वास पुरत नव्हता. "मी... बारा वजा केले."

"माहीत आहे."

"तुला कळलं होतं? कधी?"

"घरीच. दुसऱ्या चहाला."

"मग बोलली का नाहीस? बस गेली असती म्हणजे?"

"परीक्षा चालू असताना मध्ये बोलायचं नसतं, बाबा," ऋचा म्हणाली. बस सुटली. तिनं खिडकीतून मान बाहेर काढून ओरडून सांगितलं, "शेरा लिहा! शेरा!"

उल्काताई पदरात तोंड लपवून हसत होत्या की रडत होत्या, ते आगट्यांना सांगता आलं नसतं, आणि त्यांनी विचारलंही नाही.

घरी आल्यावर त्यांनी वही काढली. मेमधला तो 'निष्काळजीपणा' आडव्या रेघेनं खोडला. खाली तारीख घातली, नावाच्या रकान्यात दि. ग. आगटे लिहिलं, आणि शेरा लिहिला, 'सवयीनं बारा वजा केले. पहिली चूक मुलीची नव्हती.' उल्काताईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "दुसरं वाक्य जरा ठळक लिहा."

मग आगट्यांनी खाली स्वतःची सही केली. शेजारी दुसऱ्या सहीसाठी बोटभर जागा सोडली. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ती कोरीच राहणार होती, आणि त्यांनी ती राहू दिली.